दाढ दुखायली का?

रविवारी सकाळी हनुवटीखाली पालथा हात धरून मी ओसरीवर बसलो होतो. तोंडातल्या तोंडात ‘फोटोग्राफर, फोटोग्राफर’ चाललं होतं. आईनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

“दाढ दुखायली का रं?”

दाढ धड होती. दुखणं आदल्या रात्रीचं होतं. जेवताना भाच्याच्या लग्नाचा विषय निघाला आणि मी विचारलं, फोटोग्राफर कोण सांगितलाय? आठवीतली लेक ताटातून मान वर न काढता म्हणाली, “पप्पा, फटॉग्रफर.” मला वाटलं, काहीतरी फाटलं.

मग ताट तसंच ठेवून तिनं माझी शिकवणी घेतली. फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्या ‘फो’वर. तो काढणारा माणूस आला की जोर सरकून ‘टॉ’वर. आणि फोटोग्राफिक म्हटलं की आणखी पुढं, ‘ग्रॅ’वर. एकाच कुळातले तीन शब्द, पण मानपानाचा टॉवेल-टोपी प्रत्येक घरात वेगळ्याला. ज्याला मान नाही त्याचे हाल तर बघवत नाहीत. ‘फो’मधला ओ जातो, ‘ग्रा’मधला आ जातो, उरतो नुसता पुटपुटलेला अ. इंग्रजी शब्दकोशात हा अ उलट्या e-सारखा छापतात आणि जोराच्या अक्षराच्या आधी वर एक बारीक उभी रेघ देतात. ती रेघ मी इतकी वर्षं छपाईचा डाग समजत होतो.

आपली जीभ पंगतीतल्या वाढप्यासारखी. फो, टो, ग्रा, फर, चौघांच्या पानात सारखंच वरण. इंग्रजीत एकाच्या पानावर तुपाची धार आणि बाकीचे ताक पिऊन उठतात. बरं, तूप कुणाला यावर अर्थही ठरतो. परमिट घ्या. जोर ‘पर’वर असला तर परवाना, ‘मिट’वर गेला तर परवानगी देणं. आमच्याकडं हा शब्द ‘रूम’च्या पाटीवर रोज दिसतो. आत जाऊन आलेल्या माणसाचा जोर कुठल्याच अक्षरावर राहत नाही, तो भाग वेगळा.

आम्हाला झेडपीच्या शाळेत इंग्रजी भेटलं पाचवीत. पहिलीपासून ते आलं २००० साली. त्यामुळं आम्ही ते पाढ्यासारखं घोकलं. वेड-नेस-डे, असे तीन तुकडे पाडून स्पेलिंग पाठ करायचं. म्हणायला ते ‘वेन्झ-डे’, दोनच तुकडे. स्पेलिंगसाठी युक्ती झकास होती, अजून एक अक्षर चुकत नाही. पण जिभेला पडलेलं वळण आता कोण काढणार?

हनुवटीचा उपाय लेकीचाच. हात धरायचा, शब्द म्हणायचा, हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितकी उच्चारातली अक्षरं. स्ट्रेंग्थमध्ये लिहायला आठ लेटर, त्यातली सात व्यंजनं. हनुवटी एकदाच हलते. एरियात लेटर चारच आणि अक्षरं तीन. ई आणि ऊ आले की मात्र हनुवटी जागची हलल्यासारखी वाटत नाही. तिथं हाताचं ऐकू नये, कानाचं ऐकावं.

फोटोग्राफर काही जमेना, म्हणून मी घरच्या शब्दांकडं वळलो. बीड : एक. लातूर, नांदेड : दोन-दोन. जालना लिहायला तीन, पण आपण म्हणतो ‘जाल्ना’, म्हणजे दोनच. आणि आमची परभणी? लिहायला चार, हनुवटी तीनदाच. म्हणजे ‘र’मधला अ आम्हीही गिळतोच की! इंग्रजांच्या नावानं उगीच बोटं मोडत होतो. फरक एवढाच की आपण गिळतो तो अ-च, आ-ओला हात लावत नाही. ते जोर नसलेल्या कुठल्याही स्वराचा बहुतेक वेळा अ करून टाकतात.

पण गायला बसलं की गिळलेलं सगळं परत येतं. मोठ्या अभंगाचा चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. त्यात ‘देव’ दोन अक्षरांचा धरतात आणि टाळावर तो ‘देऽवऽ’ असा पुराच म्हणतात. बोलताना त्याच देवाचं आपण एक अक्षर करतो. गंगाखेडच्या जनाबाईंच्या गावापासून तासाभरावर राहून हे आजवर मोजलं नव्हतं. अक्षर म्हणजे न झिजणारं. निदान भजनात तरी ते खरं आहे.

एव्हाना लेक बाहेर आली आणि तिनं आजीच्या हनुवटीखाली हात धरला. “आज्जी, स्कूल म्हण.”

“इस्कूल.”

“दोन झाले. एकच पाहिजे.”

“एकात भागत नाही बाई,” म्हणत आई आत गेली. फळीवर डब्यांचा आवाज झाला. बाहेर येऊन तिनं माझ्या हातावर काहीतरी ठेवलं.

“लवंग. धर दाढंखाली.”

लवंग : लिहायला तीन, म्हणायला दोन. दाढ दुखत नाही हे आता कुठं सांगत बसू? धरली.