शिकागो जळालं होतं ना? मग तुमचं घर लाकडाचं कसं?

भारतातून आमच्याकडे पहिल्यांदा येणारं माणूस बूट काढून झाले की भिंतीवर बोटाने टकटक करून बघतं. आवाज पोकळ येतो. मग हमखास प्रश्न येतो: "अख्खं शिकागो जळालं होतं म्हणे. तरी तुम्ही लाकडाच्या घरात राहता?" आईने विचारलं, मामाने विचारलं, आता तुम्हीही विचारलंत. एकदाचं नीट सांगूनच टाकते.

आमचं घर १८८० च्या दशकातलं, बेलमाँट ॲव्हेन्यूच्या थोडं उत्तरेला. जुन्या खरेदीखतावर पहिल्या मालकाचं नाव आहे. स्वीडिश सुतार. नाव इतकं सर्वसाधारण, की त्या काळी एका गल्लीत तसे पाच जण सहज सापडले असते.

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री लागलेली आग दोन दिवस चालली. १७-१८ हजार इमारती गेल्या, लाखभर माणसं, म्हणजे शहरातला प्रत्येक तिसरा माणूस, उघड्यावर आली. नदीच्या उत्तरेला स्वीडिश लोकांची 'स्वीड टाउन' नावाची वस्ती होती, त्यांचं लुथरन चर्च होतं. तेही गेलं. शहर पुन्हा उभं करायला हात हवे होते, त्यामुळे सुतारांना कामं भरपूर मिळाली. 'शिकागो आम्ही बांधलं' ही स्वीडिश फुशारकी तेव्हापासूनची असावी. जर्मन आणि आयरिश लोक ती ऐकून गालात हसत असतील.

पण शहराने ठरवलं की आता बांधायचं ते विटांनी. शहाणपणाचंच होतं, फक्त वीट महाग. जानेवारी १८७२ मध्ये उत्तरेकडचे कामकरी लोक, बहुतेक जर्मन, या बंदीविरुद्ध मोर्चा घेऊन नगरपालिकेवर गेले. तेव्हा तडजोड झाली. १८७४ च्या जुलैत पुन्हा मोठी आग लागली, विमा कंपन्यांनी डोळे वटारले आणि लाकडी बांधकामाची बंदी सगळ्या शहराला लागू झाली.

सगळं शहर म्हणजे कुठवर? तर उत्तरेला फुलरटन ॲव्हेन्यूपर्यंत. रस्ता ओलांडला की लेक व्ह्यू, वेगळं गाव. तिथे लाकूड चालत होतं. ज्यांना वीट परवडत नव्हती ते सरळ रस्त्यापलीकडे गेले, आमचा सुतारही त्यांतलाच. १८८९ मध्ये लेक व्ह्यू शिकागोत सामील झालं आणि ही लाकडी घरं, उभी होती तशीच, शहरात आली. हे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर.

मला मात्र त्या माणसाबद्दल आगीपेक्षा वेगळीच चुटपुट लागते. स्वीडनच्या खेड्यातला सुतार म्हणजे कुऱ्हाडीचा माणूस. आडवे ओंडके एकावर एक रचायचे, कोपऱ्यात खाचा अशा पाडायच्या की खिळ्याशिवाय भिंत बसली पाहिजे. गोथेनबर्गहून बोटीने इंग्लंडमधल्या हलला, तिथून रेल्वेने लिव्हरपूलला, मग अटलांटिक ओलांडून तो इथे आला. आणि इथे काय? मिशिगन-विस्कॉन्सिनचं पाइन जहाजांतून येऊन वखारीत पडलेलं, गिरणीत एका मापाने कापलेलं. बारीक उभ्या पट्ट्या उभ्या करायच्या, यंत्राचे खिळे ठोकायचे, झालं घर. या पद्धतीला 'बलून फ्रेम' म्हणतात, वाऱ्याने उडेल अशी थट्टा म्हणून नाव पडलं असं सांगतात. आयुष्यभर कमावलेला हात, आणि इथे त्यातला निम्मा कुणाला नको. त्यात काम उक्तं: एकाने दिवसभर दारंच बसवायची, दुसऱ्याने जमिनीच्या फळ्याच ठोकायच्या. कडाक्याच्या थंडीत तेही बंद. १८९० मध्ये शिकागोच्या सुतारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला, त्यात हा होता की नाही कोण जाणे. असावा असं मला आपलं वाटतं.

इंग्रजी बहुधा त्याच्याआधी त्याच्या बायकोला आली असेल. स्वीडिश मुली लग्नाआधी श्रीमंतांच्या घरी कामाला असत, तिथे मालकिणीशी बोलावंच लागे. बांधकामावर सगळे आपलेच, स्वीडिशवर भागायचं.

घर दुमजली आहे, वर-खाली एकेक बिऱ्हाड. एका मजल्यावर आपण राहायचं, दुसऱ्याच्या भाड्यातून कर्ज फेडायचं. आम्हीही तेच करतो.

आता टकटक करून पोकळ का वाजतं ते. बलून फ्रेममध्ये त्या उभ्या पट्ट्या पायापासून छपरापर्यंत अखंड जातात. दोन पट्ट्यांमधली जागा रिकामी, म्हणजे आग लागली की ती धुराडंच. स्वयंपाकघराचा नळ बदलायला भिंत फोडली, तेव्हा मिस्त्रीने आत टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. थेट माळ्यावरची तुळई दिसत होती. त्याने जागोजागी आडव्या फळ्या ठोकून ती वाट बंद केली.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं. आता दर रविवारी तिचा पहिला प्रश्न असतो, धुराच्या गजराची बॅटरी बदललीस का.