रस कडू झाला की साखर घालू नका

सकाळी काढलेला मोसंबीचा रस दुपारी फ्रिजमधून बाहेर काढला की कडू लागतो. पहिला घोट गोड जातो आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडवटपणा बसून राहतो, वर पाणी प्यायलं तरी हलत नाही. यावर जो तो एकच सल्ला देतो: साखर घाला. या सल्ल्याचा मला आता वैताग आलाय. साखरेने रस गोडमिट्ट होतो आणि कडू तो कडूच राहतो. दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे 'फळंच खराब निघाली'. फळं बहुतेक वेळा ठणठणीत असतात. कडूपणा आपणच पिळताना रसात उतरवतो.

बाकीच्या कामात विशेष काही नाही. फळ आकाराच्या मानाने हाताला जड लागलं पाहिजे आणि साल पातळ हवी. फ्रिजमधलं फळ गार असताना रस कमी देतं, म्हणून ते अर्धा तास बाहेर ठेवा नाहीतर दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा आणि मग तळव्याखाली दाबून ओट्यावर फिरवा. कापायचं आडवं, देठापासून बुडापर्यंत उभं नाही. आडव्या कापात प्रत्येक फोड उघडी पडते. पिळलं, गाळलं, झालं.

आता कडूपणा. तो कधी येतो ते आधी बघायचं, त्यावरून कारण कळतं. काढल्या काढल्या पहिल्याच घोटाला ओठ आणि जीभ चुरचुरली तर तो सालीतल्या तेलाचा प्रताप. दाबायच्या पिळणीत फळ सालीसकट चेपलं जातं आणि सालीवरच्या बारीक ठिपक्यांतलं तेल रसात येतं. थोडं असेल तर वास सुरेख येतो, जास्त झालं की तिखटसर कडू. हात हलका ठेवला की हा प्रश्न मिटतो. ग्रेपफ्रूट आणि पपनसही लगेच कडू लागतात, पण तो त्यांचा स्वभाव. त्यांच्यात नरिंजिन नावाचं कडू द्रव्य असतं, आणि पांढऱ्या सालीत व पापुद्र्यांत ते भरपूर असतं. फोडींवरचे पापुद्रे सोलून नुसता गर घेतला तरच त्यांचा रस सौम्य निघतो.

खरा छळवाद तिसऱ्या प्रकारचा. काढताना गोड, तासा-दोन तासांनी कडू. मोसंबीत हे हमखास होतं आणि नेव्हल संत्र्यातही, म्हणजे बुडाशी बेंबीसारखा उंचवटा असतो त्या संत्र्यात. हे काम लिमोनिन नावाच्या कडू द्रव्याचं. अख्ख्या ताज्या फळात, बिया सोडल्या तर, लिमोनिन जवळजवळ नसतंच. असतं ते त्याचं आधीचं रूप, ज्याला कडू चव नाही. ते पांढऱ्या सालीत, पापुद्र्यांत, फळाच्या मधल्या दांड्यात आणि बियांत असतं. फळ शाबूत आहे तोवर त्याची आणि आंबट रसाची गाठ पडत नाही. आपण पिळतो, पापुद्रे फाटतात, ते रसात उतरतं आणि रसातल्या आम्लाने हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. हे लिमोनिन एवढं कडू की लिटरभर रसात पाच-सहा मिलिग्रॅम असलं तरी बऱ्याच जणांच्या जिभेला कळतं. चिमटीतलं मीठसुद्धा याच्या कितीतरी पट भरेल. यावर दोन चमचे साखर टाकून काय होणार?

फ्रिजने हा प्रकार मंदावतो, थांबत नाही. उष्णतेने मात्र झपाट्याने होतो, आणि याचाच उपयोग करून घेता येतो. रस काढल्यावर दोन चमचे रस छोट्या भांड्यात घ्या, उकळी येईपर्यंत तापवा, गार करून चाखा. कडू लागला तर बाकीचा रसही दुपारपर्यंत त्याच वाटेने जाणार, तेव्हा तो लगेच प्या. नाही लागला तर रात्रीपर्यंत खुशाल ठेवा. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. ती न करता बाटल्या भरून ठेवायच्या आणि नंतर फळवाल्याला नावं ठेवायची, याला अर्थ नाही.

मग पिळायचं कसं? सगळा घोटाळा शेवटच्या दोन चमच्यांत आहे. अर्धं फळ शंकूसारख्या टोकाच्या पिळणीवर ठेवून फिरवलं की पहिल्या चार-पाच फेऱ्यांत बहुतेक रस येतो. त्यानंतर हाव सुटते. आपण जोर लावतो, टोक पांढऱ्या सालीपर्यंत खरवडत जातं आणि त्या दोन चमच्यांबरोबर कडूपणाचं सगळं सामान खाली येतं. पिळून झालेली वाटी उलटी करून बघा. आत पिवळसर पापुद्र्यांच्या चिंध्या लटकत असतील आणि थोडा गर चिकटलेला असेल तर बरोबर पिळलंय. आत नुसतं स्वच्छ पांढरं दिसलं तर जास्त पिळलंय. विजेवर चालणाऱ्या पिळणीला तर थांबायचं कळतच नाही, तिथे आपणच हात सैल सोडायचा.

मिक्सर वापरायचाच असेल तर तयारी वाढते. साल काढा, पांढरे धागे ओरबाडून काढा, फोडी सुट्या करा, मधला दांडा टाकून द्या आणि एकूण एक बी काढा. एक बी भरडली गेली तरी चव बिघडते. मग दोन-दोन सेकंदांचे तीनच झटके द्यायचे. सलग फिरवलं की पापुद्र्यांचं पीठ होतं, फेस येतो आणि रसात हवा कोंडते. मोसंबीसाठी मी मिक्सर पूर्ण बंद केलाय. पातळ सालीच्या, कमी बियांच्या संत्र्याला चालतो.

गाळणंही तेवढंच महत्त्वाचं, आणि तेही लगेच. चोथा रसात राहिला तर त्यातून कडूपणा झिरपत राहतो. गाळणीत रस आपोआप उतरू द्या, चमच्याने चोथा दाबू नका. ज्यांना गर हवाच असतो त्यांनी वेगळ्या एका फोडीचा गर पापुद्रा सोलून वरून घालावा. फळ पिकलेलं असेल तर निम्मी लढाई आधीच जिंकलेली असते, कारण पिकताना फळ लिमोनिनचं ते आधीचं रूप स्वतःच अशा पदार्थात बदलत जातं की त्याचं पुढे कडू लिमोनिन होत नाही. हंगामाच्या सुरुवातीच्या करकरीत फळांचा रस म्हणूनच जास्त दगा देतो.

आणि इतकं करूनही कडू झालाच तर? मीठ. लिटरला पाव चमचा. मीठ कडूपणा जिभेवर दाबतं. तेवढ्याने भागलं नाही तर कडू न होणाऱ्या दुसऱ्या ताज्या रसात निम्मा-निम्मा मिसळा. तापवून आटवू मात्र नका, कडूपणा आणखी वाढतो.

रस ठेवल्यावर खाली साका बसतो आणि वर पातळ पाणी दिसतं. तो खराब झालेला नसतो, फळातल्या विकरामुळे रस असा फाटल्यासारखा वेगळा होतो. हलवला की पुन्हा एकजीव. आंबूस वास किंवा बुडबुडे आले तर मात्र ओतून द्या. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. तांब्या-पितळेत आम्ल धातूला खातं, आणि तांब्याच्या अंशाने क जीवनसत्त्वही लवकर नासतं. बाटली गळ्यापर्यंत भरायची, आत हवा जितकी कमी तितकं बरं.

लिंबाचं त्या मानाने सोपं आहे, पण तिथे लोक साखरेशी झटापट करत बसतात. गार पाण्यात साखर तळाशी बसते आणि शेवटचा पेला नुसता पाक होतो. त्यापेक्षा 150 ग्रॅम साखर 150 मिलिलिटर पाण्यात विरघळेपर्यंतच तापवा. साधारण 240 मिलिलिटर पाक होतो. पूर्ण गार झाला की 150 मिलिलिटर लिंबाचा रस आणि 600 मिलिलिटर गार पाणी. लिटरभर सरबत होतं. पाक आधी 200 मिलिलिटरच घाला, चाखा, मग उरलेला. गरम पाकात लिंबू पिळलं की वास उडून जातो. लहान पातळ सालीच्या लिंबातून 15 ते 20 मिलिलिटर रस निघतो, म्हणजे आठ ते दहा लिंबं धरा. वास वाढवायचा तर पिळण्याआधी एका लिंबाची फक्त पिवळी साल किसून साखरेत बोटांनी चोळा. किसणी पांढऱ्यावर गेली की पुन्हा तीच कडू कहाणी. सालीसकट लिंबं फिरवून केलेलं सरबत गाळून लगेच प्यायचं, पंधरा-वीस मिनिटांच्या पलीकडे त्याला ठेवू नका.

फळ धुवायचं सांगायचं राहिलं. विकतच्या फळांना कधीकधी मेणाचा थर असतो. साल वापरणार असाल तर कोमट पाण्याने, ब्रशने घासून घ्या.

लिंबं पिळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की काही जणांच्या कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग बरेच दिवस राहतात. आणि कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ग्रेपफ्रूटचा रस डॉक्टरांना विचारूनच प्यावा. त्यातल्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्या रसाने वाढतं.

लिंबाचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला की तीन-चार महिने आरामात टिकतो. मोसंबीला हे जमत नाही, वितळल्यावर कडूच लागते. बर्फ घालणार असाल तर सरबत जरा दाट ठेवा, कारण तो वितळून निदान पाव पेला पाणी होतंच. त्यापेक्षा थोडं सरबतच ट्रेमध्ये गोठवा आणि त्याचेच खडे पेल्यात टाका. सोडा घालायचा तर सगळ्यात शेवटी, पेला तिरका धरून. ढवळायचं एकदाच, तळापासून वर.