आमची वाटचाल : खेचरांच्या जिवावर

कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स डोंगरांत कुटुंबांना एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीला नेणाऱ्यांत आमची कंपनी मोठी नाही. पण आमच्या कॅम्पवरून मांस कधी आंबून खाली आलेलं नाही. असं छातीठोकपणे किती आउटफिटर (शिकारीच्या सहली नेणारे) सांगू शकतील, ते पायथ्याच्या मीकर गावात जरूर विचारा.

सुरुवात झाली भागीदाराच्या खेचरांवर. तो इथला जुना रँचवाला. परमिट, विमा, बाँड (हमीपत्र) ही कागदं आमच्याकडे. जनावरं आणि खोगिरं त्याच्याकडे. सॉबक (लाकडी फुल्यांची) खोगिरंही होती, पण मांस उतरवायला तो डेकर जातीचं ओझ्याचं खोगीरच घालायचा. रुंद फळ्यांमुळे वजन कण्यावर न येता बरगड्यांवर पसरतं. पॅनियर (दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पेट्या) भरताना ताणकाटा हवाच. दोन्ही बाजूंत चार-पाच पौंडांचा फरक राहिला तरी उतारावर खोगीर एका अंगाला सरकतं, आणि पाठ सोलवटली की ते खेचर सीझनभर बाद. मोठ्या बुलची (नर एल्कची) मागची तंगडी हाडासकट साठ-सत्तर पौंड भरते. दोन्ही मागच्या एका खेचरावर. पुढच्या दोन, बॅकस्ट्रॅप (पाठीच्या कण्यालगतचं मांस) आणि मानेचं मांस दुसऱ्यावर. शिंगं सगळ्यात वर, टोकं जनावरापासून लांब. दीडशे पौंडांवर आम्ही लादत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

विल्डरनेसमध्ये (संरक्षित जंगलात) चेनसॉला बंदी आहे, आणि 2002 च्या आगीत जळालेली झाडं ट्रॅपर्स लेकच्या वाटांवर पडलेली असतात. म्हणून हाताची क्रॉसकट करवत. तिचे रेकर (भुसा बाहेर ओढणारे दात) कापणाऱ्या दातांपेक्षा केसभर खाली हवेत. खोडातून लांब शेवया निघाल्या तर धार बरोबर. नुसता भुसा पडला तर पुन्हा कानस घ्या. भागीदार हे काम गड्यांवर सोडत नसे.

मधली वर्षं बरी गेली. मग 2022-23 चा हिवाळा आला. वायव्य कोलोरॅडोत बर्फाखाली चारा गाडला गेला, हरणं आणि एल्क उपासमारीनं मेले, आणि पुढच्या सीझनचे टॅग (शिकारीचे परवाने) सरकारनं भरपूर कापले. निर्णय योग्यच होता, पण आमचे आगाऊ घेतलेले पैसे परत गेले. त्यात फॉरेस्ट सर्व्हिसच्या परमिटवरचे (गिऱ्हाईक नेण्याचे मंजूर) दिवस वापरले नाहीत तर नूतनीकरणाच्या वेळी कमी होऊ शकतात. खेचरांना तर खायला लागतंच, तेही जंगलात चालणारं प्रमाणित तणमुक्त गवत.

नेमका तेव्हाच एक जण अर्ध्या दरात उतरला. ना नोंदणी, ना दहा हजार डॉलरचा बाँड, ना विमा. ‘मित्रांना वाट दाखवतो’ एवढंच म्हणायचा, आणि पैसे रोख. आमची तीन-चार कुटुंबं तिकडे गेली. तक्रार दिली, फाइल फिरत राहिली. त्याच्या गिऱ्हाइकानं संध्याकाळी पाडलेला बुल रात्रभर कातड्यासकट पडून राहिला. ‘बाटलीतलं पाणी गोठलं होतं की,’ असं त्याचं म्हणणं. पाणी गोठलं म्हणून मांस गार होत नाही! जाड कातड्याखाली मांडीच्या हाडाजवळची ऊब तासन् तास टिकते आणि मांस आतून आंबतं. जनावर पडलं की लगेच वरच्या बाजूचं कातडं काढा, दोन्ही तंगड्या आणि बॅकस्ट्रॅप सोडवा, मग उलटवून दुसरी बाजू. पोट न फाडताही हे होतं. टेंडरलॉइन (कण्याखालचं आतलं मऊ मांस) शेवटी बरगड्यांमागून हात घालून काढायचं. मागच्या तंगडीला हाडापर्यंत चीर द्या, जाळीच्या पिशवीत घाला, सावलीत वाऱ्यावर टांगा, एकमेकींना टेकू देऊ नका. लिंगाचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवा, नाहीतर वन्यजीव खात्याचा वॉर्डन दंड करील. आणि शिंगं घेऊन मांस टाकून येणं हा गुन्हा आहे.

त्या वर्षी तगलो ते ऑरोराच्या एका अकोलेकर कुटुंबामुळे. टॅग लागला नाही, तरी ठरलेला आठवडा त्यांनी सोडला नाही. शिकारीऐवजी मासेमारी केली आणि पैसे पूर्ण दिले. त्यांच्या काकू बंदुकीला हात लावत नाहीत, पण पायाच्या नळ्या हाडासकट मागणाऱ्या त्या एकट्याच. बाकी सगळे त्या नळ्यांवरच्या मांसाचा खिमा करून मोकळे होतात.

मुलांना आणणाऱ्यांसाठी, विचारलं नसलं तरी सांगतो. मोठ्या शिकारीला वय बारा पूर्ण हवं, हंटर एज्युकेशनचं कार्ड हवं, आणि सोळाच्या आत असेल तर मेंटरच्या (सोबतच्या जाणत्या मोठ्या माणसाच्या) नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात. भगवं किंवा गुलाबी फ्लोरोसंट कापड कमरेच्या वरच्या अंगावर 500 चौरस इंच, शिवाय तशीच टोपी. एच-1बी व्हिसावाल्यांनी विशेष लक्ष द्या: त्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्राची मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्स हा तिला अपवाद. तेव्हा आधी लायसन्स, मग रेंजवरचा सराव. पहिली रात्र मीकरमध्ये काढा. थेट साडेनऊ हजार फुटांवर आलात तर दुसऱ्या दिवशी डोकं धरून तंबूत बसाल. प्रवासात स्कोप (बंदुकीची दुर्बीण) हलतो, म्हणून कॅम्पला निघण्याआधी झिरो (नेमाची जुळणी) पुन्हा तपासा. टॅगच्या ड्रॉचा (सोडतीचा) अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतो. मे महिन्यात फोन करून आमच्यावर रागावू नका.

तो अर्ध्या दरवाला अजून आहे. गेल्या सीझनला त्यानंच खेचरं भाड्यानं मागितली. दिली नाहीत.