कोगनोळीच्या पलीकडची मीटिंग

दारू सोडायला दाखल झालेल्या माणसाचा डिस्चार्ज ठरला की आम्हा समुपदेशकांची घाई सुरू होते. त्याच आठवड्यात त्याला जाता येईल अशी अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे एएची मीटिंग शोधून हातात द्यायची असते. दवाखान्यात फक्त अंगातली दारू उतरते. प्यायचं थांबल्यावर पहिल्या सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते, फीट यायचा धोका साधारण पहिले 48 तास असतो, आणि नसलेली माणसं दिसणं, बडबडणं बहुधा दोन ते चार दिवसांत. (हे चालू असताना माणसाला मीटिंगला नेऊ नका, आधी दवाखाना गाठा.) एवढं निभावलं की माणूस टवटवीत दिसतो. घरच्यांना वाटतं, सुटली.

कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या खेड्यातले एक काका असेच बरे होऊन निघाले होते. तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. शुक्रवारी घरी जाणार आणि शनिवारी आठवड्याचा पगार हातात पडणार. मीटिंग हवी होती ती त्याच शनिवारी संध्याकाळी.

काका म्हणाले, "मी सोडलो की आता. मीटिंग कशाला आणि?" त्यांना एवढंच सांगितलं, की 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. दोघांनाही दारूचं व्यसन. एकमेकांशी बोलत राहिल्यानं दोघांना न पिता राहता आलं, आणि मीटिंगमध्ये आजही तेच चालतं. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी डबा फिरतो, पण नव्या माणसानं त्यात टाकलंच पाहिजे असं नाही.

अडचण जागेची होती. काकांच्या घरच्या मावशींचा आग्रह बेळगावचा. "कोल्हापूर म्हणजे दुसरं राज्य नव्हं मॅडम?" पण निपाणीहून बेळगाव सुमारे 75 किलोमीटर आणि कोल्हापूर 40. कर्नाटकाच्या यादीत शोधलं तर कोल्हापूरचे ग्रुप दिसणारच नाहीत. सीमाभागात बरेच जण इथेच थांबतात आणि "आमच्याकडं काही नाही" म्हणून सोडून देतात. शोधताना राज्य विसरा. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या दोन्ही बाजूंची गावं घ्या आणि शेवटची बस कुठून मिळते ते बघा. खानापूरच्या माणसाला बेळगाव बरं, चंदगडच्या माणसालाही कधी बेळगावच सोयीचं पडतं.

एए इंडियाच्या संकेतस्थळावर गावानुसार ग्रुप दिलेले असतात. त्यावर विसंबून मात्र निघू नये. ग्रुपला स्वतःची जागा क्वचितच असते. चर्चची खोली किंवा शाळेचा वर्ग मागून घेतलेला असतो, आणि परीक्षा, सण, रंगकाम आलं की जागा बदलते. नवा माणूस बंद दारासमोर उभा राहिला तर परत येताना वाटेतला बार लागतोच. म्हणून आदल्या दिवशी फोन करायचा आणि विचारायचं: मीटिंग किती वाजता सुटते? बोलणं खरोखर मराठीत होतं का? ओपन आहे की क्लोज्ड? क्लोज्डमध्ये ज्याला स्वतःला दारू सोडायची आहे तोच बसतो. बायको-भाऊ सोबत गेले तर त्यांना बाहेर थांबावं लागतं, अपमान वाटतो, आणि पुढच्या वेळी घरातूनच मोडता घातला जातो. घरच्यांसाठी ओपन मीटिंग किंवा अल-अ‍ॅनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा वेगळा ग्रुप.

फोन काकांनाच लावायला दिला. आपण बोललो तर पत्ता मिळतो, माणूस मिळत नाही. काका आधी गप्प. पलीकडच्यानं विचारलं, "आज घेतलाय काय?" "नाही." "मग उद्या या. स्टँडवर आम्ही दोघं उभे राहतो. शर्ट कुठला घालणार तेवढं सांगा." दारूड्याला भेटायला जाताना एएतले लोक सहसा दोघं जातात. बाई असेल तर बाईच भेटायला येईल का, हेही फोनवरच विचारून घ्यावं.

काका मीटिंगला गेले. शनिवारचा पगार मावशींनी वखारीतून घेतला, हे काकांशी बोलूनच ठरलं होतं. जेवणात गुपचूप गोळी घालायचं मात्र मावशींनी मनातून काढून टाकलं. डायसल्फिराम ही दारू सोडवायची गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो. ही गोळी माणसाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची.

सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बस थांबतात. 2025 च्या फेब्रुवारीतही थांबल्या होत्या. त्यासाठी पहिल्याच मीटिंगमध्ये चार-पाच जणांचे नंबर घ्यावेत आणि प्यायच्या आधी फोन करावा. झूमवर मराठीतून मीटिंग होतात. एका खोलीच्या घरात हेडफोन लागतो. ज्यांना कन्नड चालतं त्यांच्यासाठी कर्नाटकातल्या धर्मस्थळ संस्थेची आठ दिवसांची मद्यवर्जन शिबिरं होतात आणि त्यानंतर गावातच दारू सोडलेल्यांच्या नवजीवन समितीच्या बैठका भरतात. त्या खेड्यापर्यंत पोचतात, ही मोठी सोय आहे.

आता डिस्चार्ज कार्डाच्या मागे आम्ही पेनानं लिहून देतो: मीटिंगचा वार, सुटायची वेळ, शेवटची बस, स्टँडवर कोण भेटणार, आणि रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416.