एका ओंजळीचा हिशोब

परवा फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या वेळी वजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं) करताना नळाखाली बादली ठेवली. सहज, बघावं म्हणून. उठलो तेव्हा अर्धी बादली भरलेली! आणि मी स्वतःला काटकसरी समजत होतो.

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर साहेबांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींमध्ये, येतं की ते एका मुद पाण्यात वजू करत. मुद म्हणजे मध्यम हातांची भरलेली ओंजळ, पाऊण लिटरही नाही. दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन बसलो. चूळ, नाक, चेहरा झाला, कोपरापर्यंत हात धुतले आणि तांब्या रिकामा. पाय कोरडेच.

मुलगी दारातून बघत होती. तिला साचलेल्या पाण्यात लघवी करू नये, ही हदीसही सांगितली. ती फिस्सकन हसली. "अब्बा, हेसुद्धा धर्मात असतं?" असतं की! साथ असलेल्या गावात जाऊ नका, आत असाल तर बाहेर पडू नका, हेही असतं. इसवी सन ६३९च्या सुमारास शाममध्ये, म्हणजे आजच्या सीरियाच्या भागात, प्लेग पसरला तेव्हा खलिफा उमर सीमेवरूनच माघारी फिरले होते.

बादलीतलं पाणी झाडांना घातलं. आता दीड तांब्यावर आलोय, पण डावा पाय अजून हिशोबात बसत नाही.