कुमानो: जिथे टोकाला कात्री लागत नाही

हिरोशिमा आणि मियाजिमावर लिहिण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, म्हणून ते गाळून थेट हिरोशिमाजवळच्या कुमानोला, सुलेखनाच्या कुंचल्यांच्या गावी येतो. कुरे लाइनवरच्या यानो स्टेशनाहून बस मिळते. ती घाट चढून डोंगरांनी वेढलेल्या या छोट्या गावात आणून सोडते. इथे शेतजमीन कमी. एदो काळाच्या अखेरीस, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, इथले शेतकरी किई-यामातोकडे (आजच्या वाकायामा-नारा भागात) हंगामी मजुरीला जायचे आणि येताना नाराहून कुंचले नि शाई घेऊन वाटेत विकायचे. पुढे कुंचले बांधायची कलाच ते नारा आणि कोबेजवळच्या अरिमाहून शिकून आले. आज जपानमधले सुमारे ८० टक्के कुंचले इथे तयार होतात, पण बकरीचे केस येतात चीनमधून आणि दांड्याचा बांबूही बाहेरचाच.

दुकानांत गर्दी असते ती मेकअपच्या ब्रशांपुढे. त्याला माझी हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळांतून सुलेखन गेलं तेव्हा चित्रकलेच्या आणि मेकअपच्या ब्रशांनीच गाव तगवलं. चिडचिड होते ती फुदे-नो-सातो कोबो या संग्रहालयात. तिथे कारागीर डोळ्यांसमोर कुंचला बांधत असतो आणि लोक फोटो काढून पुढे सरकतात!

निदान केस निवडणं तरी थांबून पाहावं. सुलेखनाच्या कुंचल्याचं टोक कापून आणत नाहीत, ते केसाचं स्वतःचं निमुळतं टोक असतं. कापाकापी जी काय होते ती मुळाकडून. त्यामुळे टोक खराब झालेला प्रत्येक केस बाद.

आधी केसांवर भाताच्या तुसाची राख टाकून गरम इस्त्रीने दाबतात आणि लगेच हरणाच्या कातड्यात गुंडाळून चोळतात. उष्णतेने केसांचा बाक जातो, राख तेल शोषून घेते. तेल राहिलं तर केस शाई धरत नाहीत. चोळणं जास्त झालं तर टोकं झिजतात. मग सगळी टोकं एका बाजूला आणून हान्साशी नावाच्या छोट्या सुरीने उलटे, तुटके, बोथट केस एकेक करून ओढून काढतात. हे काम डोळ्यांपेक्षा बोटांचं. इथे हलगर्जी झाली तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही, कारण उलटा राहिलेला केस टोक जुळू देत नाही आणि रेघेला फाटे फुटतात.

यानंतर टोक, गळा, पोट, कंबर अशा उतरत्या लांबीचे केस मुळाकडून कापून घेतात. आखूड केस खाली भरल्यामुळे पोट फुगतं आणि टोक निमुळतं राहतं. ते एकजीव करायला समुद्रशेवाळाची खळ लावून केस पातळ पसरायचे, घडी घालायची, पुन्हा पसरायचे, घडीच्या पोळीसारखं. मिश्रण असमान राहिलं तर कुंचला एका अंगाला झुकतो. मग कोमा नावाच्या नळीत घालून जाडी मोजतात आणि भोवती चांगल्या केसांचा पातळ पदर गुंडाळतात. वाळल्यावर मुळाशी दोरा आवळून तापलेल्या लोखंडाने मूळ जाळतात. केस वितळून एकमेकांना चिकटतात. हे नीट झालं नाही तर कुंचला कागदावर केस गाळत बसतो. शेवटी पुन्हा खळ पाजून, दोरा गुंडाळून फिरवत जास्तीची खळ पिळून काढतात. दुकानातल्या कुंचल्याचं कडक टोक त्या खळीचं.

आणि ते टोक गिऱ्हाइकं अंगठ्याने कडाकडा मोडून बघतात. कृपया मोडू नका. जाड कुंचला कोमट पाण्यात हळूहळू मोकळा करावा, बारीक असेल तर फक्त टोकाकडचा एक तृतीयांश. जाड कुंचला धुताना मुळाशी अडकलेली शाई बोटांनी दाबून काढावी, ती वाळली की केस फाकतात. बारीक कुंचला धुऊच नये, ओल्या कागदावर पुसावा. टोक खाली करून टांगावा. सोबत येणारं प्लास्टिकचं टोपण मात्र पहिल्याच दिवशी फेकून द्यावं. ओल्या कुंचल्यावर ते चढवलं की आत केस कुजतात.