उलाक्ता हेडवरची एक दुपार

इंजिनाच्या दुरुस्तीसाठी आमचं जहाज डच हार्बरला थांबलं होतं. एरवी पॅसिफिक ओलांडताना आम्ही अलास्काच्या या अल्युशियन बेटांना नुसतं खेटून जातो. वॉच, म्हणजे जहाजावरची पाळी, संपल्यावर दुपार मोकळी होती. एजंटनं परवाना काढून दिला आणि मी माउंट बॅलिहूच्या टोकाला, उलाक्ता हेडला पोचलो.

तिथं दुसऱ्या महायुद्धातला फोर्ट श्वात्का आहे. समुद्रसपाटीपासून ८९७ फुटांवर! अमेरिकेनं याहून उंच जागी किनारी तोफखाना कधीच उभारला नाही. आठ इंची दोन तोफांच्या बैठका आणि कड्याच्या कडेला काँक्रीटच्या निरीक्षण चौक्या. भूकंप आणि ताशी १०० मैलांचा वारा सोसेल असं हे बांधकाम. लाकडी इमारतींची मात्र रया गेली आहे.

चौक्यांपुढून माझा पाय निघेना. मी सेकंड ऑफिसर, चार्टवर जहाज कुठं आहे ते दाखवणं हे माझं रोजचं काम. किनाऱ्यावरच्या दोन खुणांची बेअरिंग, म्हणजे दिशेचे कोन, घ्यायची, रेषा ओढायच्या, त्या छेदतात तिथं आपण. इथं हाच हिशेब किनाऱ्याच्या बाजूनं मांडलेला. एकमेकींपासून नेमक्या मोजलेल्या अंतरावरच्या दोन चौक्यांनी एकाच क्षणी एकाच जहाजाची दिशा टिपायची आणि टेलिफोनवरून कळवायची. रेषा छेदतात तिथं शत्रू. तोही चालता, म्हणजे गोळा पोचेपर्यंत तो कुठं असेल हेही काढायचं. कॅल्क्युलेटरशिवाय, बोटं गारठवणाऱ्या थंडीत. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटला.

या उंचीवरून क्षितिज सुमारे ३४ सागरी मैलांवर जातं, आमच्या ब्रिजवरून, जिथून जहाज चालवतो तिथून, जेमतेम दहा-अकरा. पण मी हे मनात मोजत असतानाच ढग उतरला आणि खाली बंदरातलं आमचंच जहाज दिसेनासं झालं. इथलं हवामान उंचीचा सगळा फायदा असा काढून घेतं.

३ आणि ४ जून १९४२ ला डच हार्बरवर हल्ला झाला तो आकाशातून. र्‍युजो आणि जुन्यो ही जपानी विमानवाहू जहाजं लांबच राहिली, त्यांची विमानं आली. चाळीसहून अधिक माणसं गेली, तेलाच्या टाक्या पेटल्या. आठ इंची तोफा त्यानंतर बसल्या आणि शत्रूच्या जहाजावर त्यांना कधी गोळा टाकावा लागला नाही. तरी हा खटाटोप मला वाया गेलेला वाटत नाही. याच साखळीतली आट्टू आणि किस्का ही बेटं जपान्यांच्या हाती पडली होती, पुढं काय होईल हे कोणाला ठाऊक होतं?

मला खटकतं ते दुसरंच. हल्ल्यानंतर इथल्या मूळ रहिवाशांना, उनांगन लोकांना, सरकारनं उचलून आग्नेय अलास्कात नेलं आणि मासे डबाबंद करायच्या बंद पडलेल्या कारखान्यांसारख्या जागांत ठेवलं. आसपासच्या बेटांवरून असे ८८१ जण हलवले गेले, त्यांतला साधारण दहावा हिस्सा तिथंच मेला. इथल्या उनालास्का गावातल्या गोऱ्यांना मात्र राहू दिलं. बेटं राखायची, पण बेटांवरची माणसं कोण राखणार होतं?

आज उलाक्ता हेडची जमीन उनांगन लोकांच्याच उनालाश्का कॉर्पोरेशनची आहे. माझ्या खिशातला परवाना त्यांनीच दिलेला होता.